मुलाचा आवाज, बाईचा गळा

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटातही मुलं टीव्हीचा आवाज वाढवून कार्टून बघतात. त्यांच्या ओळखीचा हिंदी ‘निंजा हातोरी’ बोलतो तो मराठमोळ्या मेघना एरंडे यांच्या आवाजात. ‘नॉडी’ही त्यांचाच. २००५ साली आलेल्या मूळ इंग्रजी ‘बेन टेन’मधला दहा वर्षांचा बेन मात्र टोरांटोत जन्मलेल्या अभिनेत्री तारा स्ट्राँग यांचा.

पोरांच्या पात्रांना बायकांचा आवाज का? वयात येताना मुलाचा आवाज फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालते. डबिंगमध्ये कसोटी आणखी कठीण: कानात मूळ संवाद, समोर पडदा आणि पात्राचे ओठ मिटतील तिथेच आपलं वाक्य संपायला हवं. हा अस्सल अभिनय आहे. वाहिन्यांनी श्रेयनामावलीत या कलाकारांची नावं ठळक दाखवायला हवीत.