मोहोरबंद निरोप

२७ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता व त्यांचे सहकारी आपली जागा वरचेवर बदलीत. तरी १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं छापा घातला आणि तो आवाज बंद पडला. सारा भार एका ठिकाणावर असला, कीं त्या ठिकाणाबरोबर सर्वच बुडतें.

आजचे बहुतेक निरोप कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांतून जातात. व्हॉट्सॲपनें २०१६ मध्यें मजकूर मोहोरबंद केला. तो उघडण्याची किल्ली बोलणारांच्याच फोनांत असते. परंतु लिफाफा बंद असला तरी पत्ता दिसतोच. कोणीं, कोणास, केव्हां लिहिलें, हें मध्यस्थास कळूं शकतें.

२०१८ मध्यें पहिली पक्की आवृत्ति निघालेल्या ब्रायर ॲपनें हा मध्यस्थच वगळला. त्यांतील निरोप जवळच्या फोनास ब्लूटूथनें, दूरच्या फोनास टॉर नांवाच्या जाळ्यांतून जातो. नंदुरबार जिल्ह्यांत सातपुड्याच्या ज्या पाड्यावर मोबाइलची लहर पोंचत नाहीं, तेथील मनुष्य धडगांवच्या बाजारीं समाईक चर्चेचे निरोप फोनांत घेईल आणि पाड्यावरील सभासदांस पोंचवील.

याचें मोलही द्यावें लागतें. खाजगी निरोपासाठीं दोन्ही फोन एकाच वेळीं जागे लागतात; नाहींतर घरीं जुना फोन टपालपेटीसारखा ठेवावा लागतो. परवलीचा शब्द विसरल्यास तो परत देणारा कोणीच नाहीं. कुलूप आपलें, तर किल्लीही आपणच जपली पाहिजे.