रोशाचं तेल : थेंब किती, भरवसा किती

आज आम्ही आपल्याच डोंगरातल्या एका गवताविषयी बोलणार आहोत. कुणी त्याला रोशा म्हणतं, कुणी रोहिस, कुणी तिखाडी. हातात चुरगाळलं की बोटांना गुलाबासारखा वास येतो.

या गवताचं तेल आपल्या भागात पूर्वी भरपूर निघायचं. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत १८७९-८० साली खानदेशात १९७ भट्ट्या दाखवल्या आहेत. त्यांतल्या १०० हून जास्त एकट्या नंदुरबारला. पाऊस सरत आला की अक्राणीच्या डोंगरातलं गवत भिल्ल माणसं भट्टीवाल्यांना विकायची. भट्टीवाले ते ओढ्याकाठी मोठ्या हंड्यात पाण्यासह उकळायचे. झाकणाची फट कणकेनं लिंपायची आणि वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात न्यायची. तिथे वाफ गार झाली की तेल पाण्यावर तरंगायचं. चामड्याच्या बुधल्यांत भरून ते बैलांवरून कोंडाईबारीच्या वाटेनं सुरतेकडे जायचं. मुंबईहून ते पार तुर्कस्तानात पोचायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. गवत आपलं, घाम आपला, नाव मात्र गुलाबाचं!

जुनी माणसं हे तेल दुखऱ्या सांध्यांना आणि कंबरेला चोळत, केसांना आणि खाजेवरही लावत. आज ते साबणात, क्रीममध्ये आणि अत्तरात पडतं. त्याचा वास मुख्यतः जिरॅनिऑल नावाच्या घटकाचा. हा घटक काही जंतूंना आणि बुरशीला रोखतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण तेवढ्यावरून ते त्वचारोगाचं औषध ठरत नाही.

बायांनो, हे तेल खोबरेलासारखं ओंजळभर चोपडायचं नसतं. ते फार तीव्र असतं. नुसतं लावलं तर कातडी लाल होते, आग होते. चहाच्या एका चमच्याएवढ्या खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एकच थेंब टाकायचा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं. खाज किंवा पुरळ आलं तर ते तेल आपल्यासाठी नाही. डोळ्यांजवळ, जखमेवर आणि तान्ह्या बाळाला लावायचं नाही. पोटुशी बाईनं आधी नर्सताईंना विचारावं. बाटली मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही. हे तेल प्यायचं नसतं.

बाजारात विकत घेताना कागदावर एक थेंब टाकून बघा. चांगलं तेल हळूहळू उडून जातं. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाण्याचं तेल मिसळलेलं असू शकतं. मात्र रॉकेल किंवा टर्पेंटाइनची भेसळ अशी ओळखता येत नाही, म्हणून ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तिथे खाजत नाही आणि टोचलेलंही कळत नाही, तर तिथे कुठलंच तेल चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. उशीर झाला तर मात्र हातापायांच्या नसा दुखावतात आणि बोटं वाकडी होतात. लाजेनं लपवू नका, आशाताईंना दाखवा.

खाजणारं, कडेनं पसरत जाणारं गजकर्णही डॉक्टरांनाच दाखवा. दुकानातलं मिक्स मलम लावलं की चार दिवस खाज थांबते, आणि मग गजकर्ण दुप्पट पसरतं. घरात एकाला झालं असेल तर सगळ्यांनी तपासून घ्यायचं, टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवायचे.

रोशाचं तेल आपलं आहे, त्याचा अभिमान बाळगू या. वासासाठी, मालिशसाठी थेंबानं वापरू या. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढं विचारा : घरात कुणाच्या अंगावर न दुखणारा चट्टा आहे का?