दुपारची दूरचित्रवाणी आणि घरातली बाई



कार्यक्रमपत्रिकेतला माझा विषय वाचून एका स्नेह्यांनी मला परवा वाटेतच गाठले आणि विचारले, "अहो, काल संतवाङ्मय, उद्या पाणीप्रश्न, त्यांच्यामध्ये हे दुपारच्या मालिकांचे काय काढलेत?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. दुपारी दूरचित्रवाणीवर जे दाखवितात ते पाहण्याच्या लायकीचे नसते, असे पुरुषमंडळींचे ठाम मत असते. आणि ते मत त्यांनी बहुधा काही न पाहताच बनविलेले असते. मी आज ज्या देशात हा प्रकार जन्मला आणि वाढला, त्या अमेरिकेची हकीकत सांगणार आहे. दिवसाचे कार्यक्रम तिकडे घरात राबणाऱ्या बाईच्या हातांचा, कानांचा आणि डोळ्यांचा हिशेब करून बेतले गेले. तो हिशेब कोणी केला, कशासाठी केला आणि त्यातून तिच्या पदरात काय पडले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत दूरचित्रवाणी ही संध्याकाळची करमणूक होती. १९४८ साली ड्यूमाँट या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये दिवसाही कार्यक्रम सुरू केले, तेव्हा जाणत्यांनी शंका काढली. रात्री घरची माणसे जेवण आटोपून पडद्यासमोर बसतात. दिवसा घरात असते ती बाई, आणि तिला बसावयाला फुरसत कुठली? नभोवाणीचे बरे होते. हात भांड्यांत असोत की इस्त्रीवर, कान मोकळे असले की काम भागत असे.

या नभोवाणीतच आपल्या कथेचे मूळ आहे. १९३० साली शिकागोच्या एका केंद्रावर 'पेंटेड ड्रीम्स' नावाची रोजची कौटुंबिक कथा सुरू झाली. लिहिणारी अर्ना फिलिप्स ही मूळची शिक्षिका. पुढे साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या ध्यानात आले, की धुणे आणि भांडी करणाऱ्या बाईला गाठावयाचे असेल तर ती काम करीत असतानाच गाठले पाहिजे. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही त्यांतली बडी कंपनी. तिने अशा कथा नुसत्या पुरस्कारिल्या नाहीत, तर स्वतःच्या मालकीच्या करून घेतल्या. लोकांनी थट्टेने त्यांना 'सोप ऑपेरा' म्हटले. साबणाचे संगीतक म्हणा ना! १९३७ साली फिलिप्सबाईंची 'द गायडिंग लाइट' ही मालिका अशीच सुरू झाली.

१९४९ साली बाईंनी पडद्यासाठी एक मालिका लिहून पाहिली, ती काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली. पण १९५२ च्या ३० जूनला 'गायडिंग लाइट' पडद्यावर आली आणि टिकली. नभोवाणीवरची मालिकाही तशीच चालू होती. पुढची चार वर्षे, १९५६ पर्यंत, तेच नट तीच संहिता रोज दोनदा वठवीत, एकदा पडद्यासाठी आणि एकदा श्रोत्यांसाठी.

या दुहेरी खटाटोपातच त्या नाट्याची घडण दिसते. जे संभाषण नभोवाणीवर पुरते, ते पडद्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाईलाही पुरणारच. पात्रे एकमेकांना वारंवार नावाने हाक मारीत. काल जे घडले ते आज कुणीतरी शेजारणीला कॉफी पिता पिता पुन्हा सांगे. कीर्तनाला उशिरा आलेल्या म्हातारीसाठी बुवा मागचे आख्यान दोन वाक्यांत उजळवितात, तसाच हा प्रकार. ऑर्गनचा सूर चढला, की आता मान वळवून बघावयाचे. पंडितांना हे सारे रटाळ वाटले. मला विचाराल तर हा रटाळपणा नव्हे, ही शिष्टाई आहे. ऐकणारीला दुसरे काम आहे, हे लेखिकेने मान्य केले होते.

१९५६ च्या २ एप्रिलला फिलिप्सबाईंचीच 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' ही अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. तोवर पंधरा मिनिटांचा रिवाज होता. ती प्रत्यक्ष प्रक्षेपित होत असे, आधी मुद्रित करून नव्हे. १९६३ च्या २२ नोव्हेंबरला ती चालू असतानाच अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्याची वार्ता वॉल्टर क्राँकाइट यांनी मध्येच सांगितली. सुरुवातीला नुसता आवाज. पडद्यावर एक पाटी. कलागृहातले नट मात्र काही न कळल्यामुळे आपला प्रवेश पुढे करीतच राहिले. देशातल्या कितीतरी घरांत ती बातमी प्रथम कळली ती अशा दुपारी घरी असलेल्या बाईला.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. दोन-चार खोल्यांचा देखावा आणि ठरलेले नट, एवढ्यावर काम भागे. म्हणून दुपार स्वस्त होती आणि नफा मोठा होता. रात्रीच्या खर्चिक कार्यक्रमांची तोंडमिळवणी त्यातून होई. दुपारला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता मुख्य गोष्ट. फिलिप्सबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या अ‍ॅग्नेस निक्सन पुढे 'गायडिंग लाइट'च्या प्रमुख लेखिका झाल्या. त्यांची एक मैत्रीण कर्करोगाने गेली होती. गर्भाशयाच्या मुखाशी होणारा कर्करोग तेथील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वेळीच ओळखता येतो, हे डॉक्टर पापानिकोलाऊ यांनी १९४० नंतरच्या दशकात जगापुढे मांडले होते. तपासणी साधी, पण तिच्याविषयी चारचौघांत बोलावयाचे कसे? निक्सनबाईंनी ठरविले, की मालिकेतली बर्ट बावर ही गृहिणी तपासणी करून घेईल, तिचा रोग वेळेवर सापडेल आणि ती वाचेल. साबणकंपनी आणि सी.बी.एस. यांनी अनुमती दिली, पण एका अटीवर. 'कर्करोग', 'गर्भाशय' आणि 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया' हे शब्द उच्चारावयाचे नाहीत!

भगिनींनो, ही अट घटकाभर मनात घोळवून पाहा. बाईच्या शरीराचा रोग, बाईच लेखिका, बाईच प्रेक्षक, आणि नेमक्या शब्दाला बंदी. तरीही १९६२ साली ते कथानक प्रक्षेपित झाले. शब्द गाळून अर्थ पोहोचवावयाचा, ही कसरत निक्सनबाईंनी पार पाडली. जी बाई डॉक्टरकडे जाण्याची टाळाटाळ करीत होती, तिच्या स्वयंपाकघरात येऊन तिच्यासारखीच एक बाई सांगत होती, की मी जाऊन आले. कोणत्याही सरकारी पत्रकाला हे साधले नसते. भारतातही स्त्रियांच्या कर्करोगांत या रोगाचा क्रमांक स्तनांच्या कर्करोगाच्या खालोखाल लागतो. आपल्या घरांत हा शब्द आज किती मोकळेपणाने उच्चारला जातो, हे आपण मनाशीच पाहावे.

बर्टची भूमिका करणाऱ्या चॅरिटा बावर १९५० पासून, म्हणजे नभोवाणीच्या काळापासून, ती करीत होत्या. उतारवयात त्यांचा पाय कापावा लागला, तेव्हा लेखकांनी बर्टचाही पाय कापला आणि बाईंना पडद्यावरून दूर केले नाही. १९८५ साली त्या वारल्या.

आपल्याकडे दुपार उशिरा उघडली. १९८४ च्या १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान मंडळाचे दिवसाचे वर्ग दूरदर्शनवर सुरू झाले, आणि १९९४ साली 'शांती' ही रोजची मालिका दुपारी दिसू लागली. म्हणजे आमच्या दुपारी आधी विद्यार्थी आला आणि मग गृहिणी. या क्रमाविषयी एक स्वतंत्र व्याख्यान होईल.

अमेरिकेत मात्र दुपारचे घरच रिकामे होत गेले. १९५० साली तिकडच्या प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३४ अर्थार्जनाच्या क्षेत्रात होत्या; १९९९ साली त्या शेकडा ६० झाल्या. उरलेल्या प्रेक्षकांना चर्चेचे कार्यक्रम आणि बक्षिसांचे खेळ स्वस्तात गुंतवू लागले. १९९५ साली एका गाजलेल्या खटल्याचे कामकाज महिनोन्महिने दुपारी दाखविले गेले, तेव्हा सवय मोडलेले पुष्कळ प्रेक्षक मालिकांकडे परतलेच नाहीत. २००९ च्या १८ सप्टेंबरला 'गायडिंग लाइट'चा शेवटचा भाग झाला. नभोवाणीची वर्षे धरून ती ७२ वर्षे चालली होती. तिच्या जागी पुढच्याच महिन्यात बक्षिसांचा एक खेळ आला.

या मालिकांचे जुने मुद्रण शोधावयास गेलेल्या अभ्यासकांची बहुतेक वेळा निराशा होते. दुपारचे काम पुन्हा कोण पाहणार, असे समजून पुष्कळशा फिती पुसून त्यांवर दुसरे काही मुद्रित करण्यात आले.