घरी गोधडी शिवण्यासाठी शिलाई मशीनची निवड
(महिला शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बैल घ्यायचा तर आपण तो औताला जुंपून पाहतो. शिलाई मशीन मात्र बरेचदा दुकानातली चकाकी पाहून घेतले जाते. म्हणून आज घरी गोधडी, म्हणजे काही भागांत जिला वाकळ म्हणतात ती, शिवण्यासाठी मशीन कसे निवडावे याविषयी बोलणार आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. मी तऱ्हेतऱ्हेचे टाके घालणारे, हलके, विजेवर चालणारे मशीन घेतले. दुकानात दुपदरी कापडावर ते सुरेख चालले. घरी जुन्या लुगड्यांचे सहा पदर त्याखाली घातले आणि पहिल्याच दिवशी तीन सुया मोडल्या. मशीन वाईट नव्हते, ब्लाऊज-फ्रॉक त्यावर छान शिवले जातात. मी त्याला भलतेच काम सांगितले होते. ती गोधडी पुरी झाली सासूबाईंच्या पायाच्या काळ्या मशीनवर.

मशीनमध्ये काय पाहावे?

गोधडीला टाका लागतो एकच, तो म्हणजे सरळ. इतर टाक्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याऐवजी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. सुई व उभा खांब यांमधील जागा : घरगुती मशीनमध्ये ही जागा साधारणपणे एका वितीहून कमी असते. साडेचार फूट रुंदीच्या गोधडीच्या मधोमध टाका घालताना सव्वादोन फुटांची गुंडाळी तिथे मावावी लागते. जागा अपुरी असेल, तर गोधडी दोन पट्ट्यांत शिवून मग जोडावी.

२. प्रेसर फूटची उचल : सर्व पदर व ठिगळाची जाड शिवण त्याखाली सहज सरकली पाहिजे. दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू चालू असावा.

३. टाक्याची लांबी व सुई : इंचाला सहा-सात टाके बसतील इतका लांब टाका पडावा. जाड पदरांसाठी १६ किंवा १८ नंबरची सुई वापरावी.

४. टेबल : गोधडी लोंबकळली की सुई ओढली जाऊन मोडते. मशीन टेबलात बसवलेले असल्यास उत्तम. नाहीतर डाव्या बाजूला तेवढ्याच उंचीचा आधार ठेवावा.

५. चालवण्याची सोय : पायाचे मशीन वीज गेली तरी थांबत नाही. त्याला पुढे मोटरही बसवता येते. कारखान्यातील मशीनला जागा व वेग जास्त असतो, पण ते जड असते व त्याची सुईही वेगळी असते. रोजचे काम असेल तरच त्याचा विचार करावा.

घरचे कापड घेऊन जा

दुकानात जाताना गोधडीचा हातभर नमुना सोबत न्यावा. त्यात जितके पदर घालणार तितके असावेत व एक ठिगळही असावे. स्वतः बसून शिवून पाहावे. आधी चाक हाताने फिरवून सुई सर्व पदरांतून जाते का, टाका सुटतो का, हे पाहावे. मग नमुना उलटून खालच्या बाजूस दोऱ्याची गाठोळी किंवा कापडाच्या चुण्या पडल्या आहेत का, ते तपासावे. दुकानदार नमुना शिवू देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.

घरात जुने मशीन आहे का?

नवीन घेण्यापूर्वी माळ्यावर नजर टाकावी. चाक मोकळे फिरत असेल, सुईचा दांडा डुगडुगत नसेल आणि कापड ओढणारे दाते झिजलेले नसतील, तर सफाई, तेल व नवीन पट्टा एवढ्यावर काम भागू शकते. तेल दिल्यावर प्रथम चिंध्यांवर चालवावे, म्हणजे डाग पडत नाहीत.

शेवटी एकच सांगते. सगळी गोधडी मशीनवरच झाली पाहिजे असे नाही. ठिगळे जोडणे व कडेचा गोट ही कामे मशीनवर करावीत आणि मधला धावदोरा हाताने घालावा. एवढेच काम मशीनला दिले, तर साधे मशीनही पुरते. विकायच्या गोधडीत हाताचा धावदोरा हीच तिची खरी ओळख असते. वर्षाला दोन-तीन गोधड्या शिवणाऱ्या भगिनीने मशीनसाठी कर्ज काढू नये. बचत गटाने मिळून एक चांगले मशीन घेतले, तर ते अनेक घरांना उपयोगी पडेल.