वर्षावासापूर्वीची लस



चातुर्मासात आपली प्रवचनगृहे भरतात आणि महाराष्ट्रात फ्लूही बहुधा त्याच पावसाळ्यात बळावतो. बदलापूर-अंबरनाथच्या खच्चून भरलेल्या लोकलमधील खोकला उल्हासनगरच्या आजोबांपर्यंत पोहोचण्यास कितीसा वेळ? २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यातच गेला.

ही लस प्रामुख्याने कोंबडीच्या अंड्यात वाढवितात, म्हणून अनेक श्रावक संकोचतात. हा संकोच मी क्षुल्लक मानीत नाही. अंड्याऐवजी पेशींत वाढविलेल्या लसीचे मूळही प्राणिजच. तरीही घरातील वृद्ध मातोश्रींसाठी मी ती घेतो. विषाणू रूप पालटतो म्हणून दरवर्षी, आणि संरक्षण निर्माण होण्यास दोन आठवडे लागतात म्हणून मे महिन्यातच.

मुखवस्त्रिका तर आपल्या परंपरेतच आहे. खोकणाऱ्याने प्रवचनास येऊ नये, हे मात्र महाराजसाहेबांनीच सांगितलेले बरे!