जागेवरची रेघ



निसर्गचित्रकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. आज मी एकाच चित्रकाराविषयी आणि त्याच्या गावाविषयी बोलणार आहे. समोर दिसते ते रंगवायचे की मनात उमटते ते, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला आहे. त्या चित्रकाराने तो आयुष्यभर काम करून सोडवला. चित्रकार कास्पार डाविड फ्रीड्रिख, आणि गाव बाल्टिक समुद्राजवळचे ग्राइफ्सवाल्ड बंदर.

फ्रीड्रिखचा जन्म 5 सप्टेंबर 1774 चा. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवत. तो लहान असतानाच आई गेली. 1787 मध्ये धाकटा भाऊ बुडून मेला. त्याच्या चित्रांतली प्रत्येक उदास छटा या मृत्यूंशी जोडण्याचा मोह समीक्षकांना होतो. मला तो आवरावासा वाटतो. दुःख अनेकांच्या वाट्याला येते. त्याच्या हाताला जी शिस्त होती ती फार थोड्यांपाशी असते. ही शिस्त त्याला गावातच लाभली. ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात क्विस्टोर्प या चित्रकला शिक्षकांकडे तो रेखाटन शिकला. पुढे 1794 मध्ये कोपनहेगनची अकादमी आणि 1798 पासून ड्रेस्डेन. 1840 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे घर ड्रेस्डेनलाच राहिले, तरी तो गावाकडे पुन्हा पुन्हा येत राहिला आणि ते रंगवत राहिला.

त्याची कामाची रीत पाहा. उघड्यावर बसून तो पेन्सिलीने रेखाटने करी. झाडाची फांदी, खडक, नांगरलेले जहाज, पडक्या भिंतीची कमान. अनेक कागदांवर तो तारीखही घाली. तैलरंगांचे काम मात्र घरात. केर्स्टिंग या मित्राने 1811 मध्ये त्याचा स्टुडिओ रंगवला आहे. खोली जवळजवळ रिकामी, भिंतीवर पॅलेट आणि टी-स्क्वेअर टांगलेले, आणि ईझलसमोर एकटा फ्रीड्रिख. कित्येक वर्षांपूर्वीचे एखादे रेखाटन तिथे नव्या चित्रात जाऊन बसे.

त्यातून काय घडले, ते तीन चित्रांत दिसते. ‘ग्राइफ्सवाल्डजवळची कुरणे’ या चित्रात पश्चिमेकडून दिसणारे गाव आहे. पुढे हिरवे गवत, घोडे, पवनचक्क्या आणि मागे उजेडात न्हालेल्या शहराची रेषा. मारिया, निकोलाई आणि याकोबी या तीन चर्चना गावकरी आजही ‘जाडी मारी’, ‘लांब निकोलाउस’ आणि ‘छोटा याकोब’ म्हणतात. चित्रातही ती तशीच ओळखू येतात.

दुसरे उदाहरण एल्डेनाच्या पडक्या मठाचे. गावाच्या हद्दीत, सपाट प्रदेशात उभा असलेला हा विटांचा मठ त्याने एका चित्रात थेट रीजनगेबिर्गे पर्वतरांगेत नेऊन ठेवला. मठाची कमान जशीच्या तशी, डोंगर मात्र शेकडो किलोमीटर दूरचे.

तिसरे ‘समुद्रकाठचा साधू’. त्यात वाळूची पट्टी, काळसर पाणी, अफाट आकाश आणि एक एवढासा माणूस आहे. इन्फ्रारेड तपासणीत आढळले की आधी त्याने या समुद्रावर जहाजे काढली होती आणि नंतर ती पुसून टाकली. बंदरावर वाढलेल्या माणसाने समुद्रातून जहाजे काढून टाकावीत, याचे मोल आपण चित्रकारांनी ओळखायला हवे. हे चित्र 1810 मध्ये बर्लिनला मांडले गेले आणि प्रशियाच्या राजाने विकत घेतले.

एकदा जसेच्या तसे रंगवले, एकदा जागा हलवली, एकदा गाळले. हलवण्याचा आणि गाळण्याचा अधिकार त्याने पेन्सिलीने कमावला होता, हेच मला आज सांगायचे आहे. जे बारकाईने पाहिलेच नाही, ते गाळता येत नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून निसर्गचित्र करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, स्पॉटवर बसा. ऊन सरकू द्या, पाणी उतरू द्या, हात दुखू द्या. कल्पनेला बळ तिथूनच मिळते.

फ्रीड्रिख मृत्यूनंतर विस्मरणात गेला. नॉर्वेचे कला-इतिहासकार आंद्रेआस आउबेर्ट यांच्या शोधामुळे आणि 1906 च्या बर्लिनमधील मोठ्या प्रदर्शनामुळे तो पुन्हा लोकांसमोर आला. 1931 मध्ये म्युनिकच्या काचमहालाला लागलेल्या आगीत त्याची काही चित्रे जळाली. तरीही त्याची वाट आज पावलापावलाने शोधता येते, कारण तारखा घातलेले ते कागद कुणीतरी जपले.

आपल्याकडे चित्रकार गेला की कॅनव्हासची वाटणी होते आणि स्केचबुके रद्दीत जातात. हे थांबले पाहिजे. म्हणून या संमेलनाने दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. दिवंगत निसर्गचित्रकारांची स्केचबुके कुटुंबीयांच्या संमतीने गोळा करून, स्कॅन करून अभ्यासकांना खुली करावीत. आणि प्रत्येक कला महाविद्यालयात जागेवरच्या रेखाटनाला ठिकाण आणि तारीख लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी. पहिल्या कामात मी स्वतः हवे तेवढे श्रम घालायला तयार आहे. तुम्हीही या.