शाळकरी मुलांतील जंतविकार



मागच्या रांगेत पेंगणारा, कालचा पाढा आज विसरणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याच्या प्रगतिपत्रकावर 'आळशी' असा शेरा पडतो. परंतु त्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग कित्येकदा पांढुरका आढळतो. मग दोष मुलाचा की त्याच्या रक्ताचा, हे शेरा लिहिण्यापूर्वी पाहावयास हवे.

मंडणगड तालुक्यात पावसाचे मान मोठे, माती उबदार व ओलसर, आणि आंबा-काजूची सावली दाट. आकड्याच्या जंताला नेमके हेच मानवते. उघड्यावरील विष्ठेतली त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत अळी माणसात शिरण्यास सिद्ध होते. ती शिरते बहुधा अनवाणी पायाच्या कातडीतून. हा शोध आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञास 1898 साली कैरो येथे अपघाताने लागला. अळ्यांचे पाणी त्याच्याच हातावर सांडले, ती जागा खाजली, आणि पुढे त्याच्याच विष्ठेत जंतांची अंडी दिसली. कातडीतून रक्तात, तेथून फुप्फुसात, मग घशात, आणि गिळली जाऊन आतड्यात, असा त्या अळीचा प्रवास. आतड्याला चिकटून ती रक्त पिते. एका जंताने फारसे बिघडत नाही. शेकडो जंत महिनोन्‌महिने राहिले म्हणजे मूल फिके पडते. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत सुटणारी प्रत्येक खाज जंताची नसते, तथापि 'चिखल्या झाल्या' म्हणून ती सरसकट सोडूनही देऊ नये.

गोल जंताची तऱ्हा निराळी. त्याची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. ती मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर नखांतून, न धुतलेल्या काकडीतून पोटात जातात. गोड खाल्ल्याने जंत होतात हा घरोघरीचा समज खरा नव्हे.

हे दोन्ही जंत पोटात पिलावळ वाढवीत नाहीत. प्रत्येक नवा जंत मातीतूनच यावा लागतो, आणि शिक्षकाला हात घालता येईल अशी जागा तीच आहे.

2015 साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. शाळकरी मुलास त्या दिवशी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी द्यावयाची असते. ती शिक्षकांसमोरच चावून खाल्ली जावी. घरी दिलेली गोळी दप्तरात राहते, नोंदवहीत मात्र ती खाल्लेली असते! आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. ज्याच्या पोटात जंत अधिक, त्यास थोडी मळमळ वा पोटदुखी संभवते. त्याला सावलीत निजवावे, पाणी द्यावे, न थांबल्यास आरोग्य केंद्रास कळवावे. पालकांना हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर एका मुलाच्या उलटीची बातमी सायंकाळपर्यंत वाडीवाडीत पोचते, आणि पुढल्या खेपेस निम्मा वर्ग गैरहजर राहतो.

गोळी आज असलेले जंत मारते, उद्या येणारे अडवीत नाही. त्यासाठी भोजनापूर्वी साबण, शौचालयात पाणी आणि पायांत चपला हव्यात. येथे शाळेचीच एक शिस्त आड येते. चपला पडवीत काढावयास लावल्या जातात आणि मधल्या सुट्टीत मुले तशीच अनवाणी कुंपणापलीकडे पळतात. घंटा झाल्यावर शिक्षकाने एकवार पडवीकडे पाहावे. चपलांच्या जोड्या तेथेच असतील, तर मुलांना मागे बोलवावे.